पाच मिनिटांचा धडा आणि तीन महिन्यांच्या नोंदी

‘पाच मिनिटांत कंटेनर’ अशा थाटाच्या धड्यांवर आमचा आक्षेप आहे. क्लाउडवर एक व्हर्च्युअल मशीन भाड्याने घ्या, त्यावर डॉकर बसवा, एक कमांड द्या, संग्रह सुरू! सुरू होतो, हे खरे. प्रश्न त्यानंतरचा आहे.

गेल्या वर्षी विद्यार्थ्यांसमवेत बोलीतील शब्दांचा एक संग्रह आम्ही असाच उभा केला. पुढे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हवी म्हणून जुना कंटेनर काढून टाकला आणि त्यासोबत तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. यंत्राचे काहीही चुकले नव्हते. कंटेनर नुसता थांबवला तर आतले लेखन टिकते. काढून टाकला तर नाहीसे होते. जे टिकवायचे ते ‘व्हॉल्यूम’मध्ये, म्हणजे कंटेनरबाहेर ठेवायचे असते. आम्ही गिरवलेल्या धड्यात हे वाक्य होते. पण अगदी शेवटी, ‘अधिक माहिती’खाली!

या घोटाळ्याच्या मुळाशी एक रूपक आहे. १९५६ साली माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या आणि मालवाहतुकीचे युग पालटले. २०१३ साली पुढे आलेल्या डॉकरने तीच प्रतिमा उचलली. यंत्र बदलले तरी पेटी तीच, हा रूपकाचा अर्धा भाग बराचसा खरा आहे. परंतु बंदरातल्या पेटीत माल जपला जातो. येथे पेटी टाकाऊ आणि माल बाहेर ठेवायचा. शिवाय ही पेटी स्वयंपूर्णही नाही. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचे कर्नल असते. तिच्यावर चालणारे कंटेनर मात्र तिच्याच कर्नलवर विसंबतात. रूपकांची चिकित्सा हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी हे रूपक निमूटपणे गिळावे काय?

‘लेटेस्ट’ या शब्दाचेही तसेच. इमेज, म्हणजे ज्यापासून कंटेनर घडतो तो साचा, मागवताना आवृत्ती सांगितली नाही तर डॉकर हीच खूणचिठ्ठी गृहीत धरतो. ही चिठ्ठी आज एका साच्यावर, उद्या दुसऱ्यावर असू शकते. ‘अलीकडची कुठलीशी प्रत’ असा संदर्भ प्रबंधात दिला तर आपण विद्यार्थ्याला परत पाठवतो. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेत पिढ्या खपल्या, त्या पाठ नेमका कोणत्या पोथीतला हे सांगता यावे म्हणूनच ना? मग येथे आवृत्तीचा क्रमांक लिहिण्याचा कंटाळा का?

‘हे तंत्रज्ञांचे काम’ असे आमचेच सहकारी म्हणतात. तंत्रज्ञ यंत्र चालू ठेवील. काय जपायचे आणि कोणती प्रत प्रमाण मानायची, हे तो ठरवणार नाही. तो निर्णय संपादकाचा आहे आणि तो टाळणे ही नम्रता नव्हे, जबाबदारीतून काढलेली पळवाट आहे.

आमचे म्हणणे एवढेच, की धड्याचा क्रम उलटा करा. पहिल्या तासाला कंटेनरमध्ये एक ओळ लिहावी, कंटेनर काढून टाकावा, नवा करावा आणि ती ओळ शोधावी. ती सापडणार नाही. मग व्हॉल्यूम जोडून हेच पुन्हा करावे. शेवटी एक प्रत त्या भाड्याच्या यंत्राबाहेर न्यावी, कारण यंत्रच सोडून दिले तर व्हॉल्यूमही वाचेलच असे नाही. पाच मिनिटांऐवजी तास जाईल. आमचे तीन महिने गेले.