मेळावा क्लासचा

परवा पुतण्या पुण्याहून आला. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचे क्लास चालवतो. म्हणाला, "काका, क्लासच्या प्रचारासाठी मोफत मार्गदर्शन मेळावा घ्यायचाय. तुम्ही तीस वर्षे शेतकरी मेळावे भरवलेत, आखणी करून द्या."

आधी तारीख पाहिली. त्याने जूनचा दुसरा आठवडा धरलेला. ऐन पेरणीत बाप पोराबरोबर पुण्याला येईल कसा? मेचा मधला रविवार ठरला. सभागृह, माईक, चहा पाच मिनिटांत उरकले.

अडले ते बॅनरवर. पास झालेल्या मुलांचे हे मोठे फोटो! विचारले, "यांतली वर्षभर तुझ्याकडे शिकलेली किती?" गडी गप्प. बरीचशी नुसती मुलाखतीच्या सरावाला आलेली. बंधुभगिनींनो, बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा टक्का छापावा लागतो. इथे मात्र डौलदार कणीस तेवढे दाखवायचे! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या सूचनांप्रमाणे असा फोटो छापायला त्या उमेदवाराची लेखी संमती लागते आणि त्याने कोणता कोर्स केला, तेही सांगावे लागते.

"परीक्षेला बसले किती, निघाले किती, हे फळ्यावर लिही. मध्येच सोडणाऱ्याला फी किती परत, तेही."

"काका, मग गर्दी ओसरेल."

ओसरेलही. पण त्या खुर्च्यांवर कोणीतरी कांद्याची पट्टी खिशात घालून आलेला असेल.

फोटो निघाले. फी परतीचे मात्र त्याने अजून कबूल केलेले नाही. रविवारी पुन्हा येतोय.