भांड्यांवरची नावं

गेल्या महिन्यात आतेभावाशी चांगलंच वाजलं. कारण ऐकलं तर हसाल. एक फाईल उघडेना!

गावच्या वाड्याचा व्यवहार चाललाय, त्याची कागदपत्रं दादाने न्यू जर्सीहून पाठवायची होती. पासपोर्ट, पॅन कार्ड, कुलमुखत्यारपत्र, सगळं स्कॅन करून. आता असली चीजवस्तू साध्या मेलने पाठवू नये एवढं शहाणपण आम्हा दोघांनाही आहे, म्हणून त्याने जीएनयूपीजी वापरून फाईल कुलूपबंद केली आणि धाडली. मी उघडायला गेलो तर उत्तर आलं, की याची खाजगी किल्ली तुमच्याकडे नाही. नाहीच! २००४ साली हौसेने बनवलेल्या किल्लीने त्याने ती बंद केली होती. तिचा जोडीदार ज्या हार्ड डिस्कवर होता ती २००९ मध्येच स्वर्गवासी झाली.

"दादा, चुकीची किल्ली घेतलीस," म्हटलं. तर म्हणे, "सर्व्हरवर तुझ्या नावाच्या दोन सापडल्या. एकीवर माझीच सही होती. मग मी कुठली घेणार?"

बरोबरच आहे की त्याचं. २००५ मध्ये तो सुटीला आला होता तेव्हा आम्ही समोरासमोर बसून एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या केल्या होत्या. नवी किल्ली मी २०१८ मध्ये बनवली, तिच्यावर कुणाचीच सही नाही. म्हणजे ज्या खुणेवर विश्वास ठेवायला आम्ही शिकलो, तिनेच त्याला फसवलं. पण त्या दिवशी त्याला वाटलं मी व्यवहार लांबवतोय, आणि मला वाटलं हा मला शिकवतोय. असो.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सार्वजनिक किल्ली म्हणतात तिला, पण खरं तर ते कुलूप असतं. आपण आपली उघडी कुलपं गावभर वाटायची. कुणीही त्यात वस्तू घालून खट्कन बंद करावं, उघडणार फक्त आपण. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी आणलं तेव्हापासूनचा प्रश्न हा, की परक्या माणसाने आपलं कुलूप आणायचं कुठून? त्यासाठी किल्ल्यांचे सार्वजनिक सर्व्हर निघाले.

या जुन्या सर्व्हरांचा स्वभाव आपल्या घरच्या स्टीलच्या भांड्यांसारखा. एकदा नाव घातलं की घातलं. माझ्याकडे अजून एक तांब्या आहे, त्यावर ज्यांनी दिला त्यांचं नाव आणि लग्नाची तारीख आहे. माणसं गेली, तारीख तशीच. सर्व्हरवरही किल्ली चढवता यायची, काढता यायची नाही. एकाकडे आलेली नोंद बाकीच्यांकडे आपोआप पोचायची. यामागे हेतू चांगला होता. कुठल्याही सरकारने दडपण आणून एखादी किल्ली गुपचूप काढून टाकू नये, हा. पण याच भांड्यावर कुणीही येऊन वाट्टेल ते कोरू शकतं त्याचं काय? माझ्या नावाची, माझ्या मेलच्या पत्त्याची किल्ली तुम्हीही चढवू शकत होतात. विचारणारं कुणी नव्हतं.

आणि मग जे व्हायचं ते झालं. २०१६ मध्ये खुद्द लायनस टोरवाल्ड्स यांच्या नावाची खोटी किल्ली सापडली. तिचा आठ अक्षरी छोटा क्रमांक खऱ्या किल्लीशी तंतोतंत जुळवलेला. जून २०१९ मध्ये तर कुणीतरी रॉबर्ट हॅन्सेन आणि डॅनियल कान गिलमोर या दोन जाणकारांच्या किल्ल्यांवर भरमसाट सह्या टाकल्या. एका किल्लीवर तर सुमारे दीड लाख! अशी किल्ली उतरवून घेतली की जीएनयूपीजी गुदमरायचं. आणि सह्या पुसायची सोय नाही. पुढच्याच महिन्यात आलेल्या २.२.१७ आवृत्तीपासून सर्व्हरवरून येणाऱ्या परक्या सह्या मुळातच घेतल्या जात नाहीत. त्या जुन्या सर्व्हरांचा मोठा सामायिक पत्ता २०२१ मध्ये बंद झाला, युरोपातल्या खाजगीपणाच्या कायद्याखाली 'आमची माहिती काढा' अशा मागण्या आल्या म्हणून. त्या घराण्यातले सुटे सर्व्हर मात्र अजून आहेत, आणि त्यातल्याच एकावर दादाला माझं भूत भेटलं.

माझं मत विचाराल तर घरगुती कामासाठी आता कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग हाच सर्व्हर लावावा. तिथे नुसती किल्ली पाठवून भागत नाही. आपल्या पत्त्यावर मेल येते, तिच्यातली लिंक उघडली तरच नाव-पत्ता किल्लीसोबत दिसतो. नाहीतर किल्ली बिननावाची राहते आणि जीएनयूपीजी तशी नवी किल्ली घेतच नाही (यात माझी एक दुपार गेली). एका पत्त्याला एकच किल्ली, आणि हवा तेव्हा पत्ता काढूनही टाकता येतो. अर्थात यात एकाच ठिकाणावर भिस्त आली. आणि मेल वाचू शकणारा माणूस तोच आहे, एवढंच सिद्ध होतं, तो कोण हे नाही. तरी पत्करलं.

सर्व्हरचा पत्ता लिहायची जागाही बदलली आहे. जुन्या लेखांत जीपीजीच्या मुख्य सेटिंगच्या फाईलीत लिहा असं सापडेल, पण २.१ पासून हे काम डिरमँगरकडे आहे, त्याच्याच फाईलीत ती एक ओळ घालायची. सुरुवात एचकेपीएसने करा. शेवटचा 'एस' विसरलात तर तुम्ही कुणाकुणाची किल्ली शोधताय हे वाटेतल्या कुणालाही वाचता येतं.

आणि किल्ली बनवल्याच्या दिवशीच तिची मुदत ठरवा. रद्द करायचा दाखला छापून कपाटात ठेवा. हे मी २००४ मध्ये केलं असतं तर जुनी किल्ली केव्हाच मेली असती. आता ती रद्द करायलाही खाजगी किल्ली नाहीतर तो दाखला लागतो, आणि माझ्याकडे दोन्ही नाही.

शेवटी रविवारी दादाला फोन लावला. नव्या किल्लीचा ठसा, चाळीस आकडे-अक्षरं, मी वाचत गेलो आणि तो पडद्यावर ताडून बघत गेला. मध्येच एकदा 'बी' की 'डी' यावरून पुन्हा वाजलं. आत्या तिकडेच असते, तिने मागून विचारलं, "एवढा लांबलचक नंबर कुणाचा रे?"

"याचाच," दादा म्हणाला. "पुढे वाच."