अ‍ॅट्रोपिन तालुक्यातच द्या
धार-देवासच्या सोयाबीन-कापसाच्या शिवारात फवारणीचे दिवस आले की विषबाधेची धास्ती येतेच. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे दगावली. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषात छाती स्रावाने भरते. तो स्राव आटवणारे अ‍ॅट्रोपिन स्वस्त आहे. चुकते ती मात्रा. आपल्याकडची एक मिलीची कुपी बहुधा ०.६ मिलिग्रॅमची. प्रौढाला सुरुवातीलाच १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे तीन ते पाच कुप्या लागतात आणि छाती साफ होईस्तोवर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करावी लागते. एखादी कुपी टोचून रुग्णाला इंदूरला धाडणे म्हणजे त्याला वाटेतच गुदमरू देणे. धार जिल्ह्यातल्या कुक्षीहून इंदूर शंभरावर किलोमीटर आहे.

जास्त मात्रेने रुग्ण बरळू लागतो, ताप चढतो, लघवी तुंबते, हा आक्षेप खराच. पण म्हणून हात आखडता घेऊ नये, नजर ठेवावी. छाती स्वच्छ, नाडी ८० च्या वर आणि रक्तदाब सावरलेला दिसला की मात्रा वाढवणे थांबवावे. नुसत्या बाहुल्या विस्फारल्या म्हणून थांबू नये. त्यासाठी पुरेशा कुप्या, भिंतीवर मात्रेचा तक्ता आणि रात्रपाळीलाही शिकलेली परिचारिका तालुक्याच्या दवाखान्यात हवी.