फ्रेंचच्या तासाला मराठी का नको?

इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याच शाळांत हल्ली प्राथमिकपासूनच फ्रेंच असते. शिकवली जाते मात्र इंग्रजीतून. तासाला मराठी शब्द निघाला तर मुलांना ओरडा बसतो. मीही काही वर्षं असंच शिकवलं. पण ज्या मुलाच्या घरी मराठी बोलतात त्याला फ्रेंचकडे न्यायला इंग्रजीचा वळसा कशाला, हे मला आता कळत नाही.

साधं बघा. फ्रेंचमध्ये 'तु' आणि 'व्हू' अशी दोन सर्वनामं. इंग्रजीत दोन्हींना एकच 'यू'. मग आपण फळ्यावर फॉर्मल, इनफॉर्मल असं लिहितो आणि पाठ करून घेतो. त्याऐवजी एवढंच सांगा: मित्राला तू, बाईंना तुम्ही, आणि आईला आपल्यासारखंच तू. झालं.

तसंच लिंगाचं. इंग्रजीतून शिकलं की 'निर्जीव वस्तू ती कशी?' हा प्रश्न येतोच. मराठी मूल तो दरवाजा, ती खिडकी असं बोलायला लागल्यापासून म्हणत असतं. लिंगं जुळतीलच असं नाही. आपला चंद्र तो, त्यांची 'ल्यून' ती. चांदोमामाची चांदोमावशी झाली म्हणून माझा दुसरीचा वर्ग पोट धरून हसला, आणि त्या शब्दाला 'ल' की 'ला' हे नंतर कुणी चुकलं नाही.

आकड्यांत तर गंमतच आहे. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. इंग्रजीच्या सवयीने हे विचित्र वाटतं. पण आपल्याकडची जुनी माणसं विसांनी मोजायची, तीन विसा, चार विसा. मी हे सांगितल्यावर चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, माझी आजी नारळ अशीच मोजते!" शाळेत आजीच्या मोजणीला किंमत मिळाली, याचा मला ऐंशीपेक्षा जास्त आनंद झाला.

पालकांना भीती वाटते, मराठीमुळे उच्चार बिघडतील. उलट आहे. फ्रेंच 'त' आपल्या 'त'सारखा दातांवर येतो, इंग्रजीसारखा 'ट'कडे झुकत नाही. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'प' आणि 'क'मध्ये जो 'ह' मिसळतो, तोही फ्रेंचमध्ये नाही. हां, सगळं फुकट मिळत नाही. 'तु'मधला स्वर मराठीत नाही. ओठांचा शिट्टीसारखा चंबू करून 'ई' म्हणायला लावायचं. 'र'साठी गुळण्या केल्यासारखा घसा लागतो. हे ऐकूनच येतं. म्हणून वहीत फ्रेंच शब्द देवनागरीत लिहून द्यायला माझा विरोध आहे. मूल मग ऐकायचं सोडून वाचायला लागतं.

आणि तासभर मराठीच बोलत बसा, असंही मी म्हणत नाही. अडलं तिथे दोन वाक्यं मराठीत, बाकी गाणी, सूचना, खेळ फ्रेंचमध्ये. वर्गात हिंदी, गुजराती घरची मुलं असतातच. तू-तुम, तो-ती त्यांच्याकडेही आहे, त्यांना विचारा.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परदेशी भाषा माध्यमिक पातळीवर सुचवल्या आहेत. म्हणजे प्राथमिकला कशी शिकवायची हे आपल्याच हातात आहे. निदान चौथीपर्यंत तरी लेखी पेपर आणि 'स्कोअरिंग विषय' ही भाषा बाजूला ठेवू या. तोंडी घ्या. मुलाने बाजारात उभं राहून चार-वीस नारळ मागून दाखवले, की दिले गुण.