डेटनचा खटला आणि मुकी पाठ्यपुस्तके

अमेरिकेत १९२० च्या जनगणनेत शहरवासीयांची संख्या प्रथमच ग्रामीणांहून अधिक भरली. आपली मुले आपल्या श्रद्धेपासून दुरावणार, या ग्रामीण भयातूनच १९२५ मध्ये टेनेसी राज्याने सरकारी शाळांत मानवाची उत्क्रांती शिकविण्यास बंदी केली. त्याच वर्षी डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकास १०० डॉलर दंड झाला. क्लॅरन्स डॅरो यांच्या उलटतपासणीत विल्यम ब्रायन निरुत्तर झाले, तेव्हा धर्मवेड हरले, असे शहरांनी मानले. प्रत्यक्षात १९२७ मध्ये शिक्षा रद्द झाली ती केवळ तांत्रिक कारणावरून. कायदा १९६७ पर्यंत टिकला. दरम्यान प्रकाशकांनी पाठ्यपुस्तकांतील उत्क्रांतीचा विषय निमूटपणे आकसून घेतला. उपहासाने सभा जिंकता येते. शाळेचा वर्ग मात्र शिक्षकाला निर्भय ठेवूनच राखावा लागतो.