दिवे लुकलुकतात, भुर्दंड दुकानदाराला

गणपत गल्ली असो, खडेबाजार असो की शहापूरची साड्यांची पेठ, संध्याकाळी बाजारातून फिरताना कुठल्या तरी दुकानात एलईडी दिवा लुकलुकताना किंवा अर्धा विझलेला दिसतोच. विचारले तर उत्तर ठरलेले, "चायना माल, चालायचंच!" आमचे म्हणणे असे, की हे चालू देऊ नये.

शहापूरला साड्या घ्यायला गोव्या-कोल्हापुराकडून गिऱ्हाइके येतात. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली बाई पदराचा रंग आधी दिव्याखाली आणि मग दाराशी उजेडात नेऊन पाहते. दोन्हीकडे रंग वेगळा दिसला तर तिचा दुकानावरचाच विश्वास उडतो. मोठ्या शोरूमवाल्यांनी हे केव्हाच ओळखले आहे.

आम्ही बँकेत आकडेमोड करणारे, वायरमन नव्हे. पण आकड्यांतूनच ही गोष्ट कळते. खोक्यावर बहुधा २५,००० किंवा ५०,००० तास असे छापलेले असते. दुकान रोज १० तास उघडे धरले तर ५०,००० तास म्हणजे पावणेचौदा वर्षे! मग दिवा वर्षात का जातो? कारण ते आयुष्य बहुतेक वेळा आतल्या एलईडीचे असते. एलईडी डीसीवर चालतो आणि आपल्याकडे येते २३० व्होल्टची एसी वीज. तिचे रूपांतर करणारा ड्रायव्हर आधी मरतो. त्यातला कपॅसिटर उष्णतेने सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. हवा न लागणाऱ्या पीओपीच्या छतात कोंबलेले दिवे म्हणूनच लवकर जातात.

तेव्हा दिवा फेकण्याआधी दोष कुठे आहे ते पाहावे. एकच दिवा लुकलुकत असेल तर दोष त्याच्या ड्रायव्हरात किंवा जोडात असतो. ड्रायव्हर सुटा असेल तर तेवढ्याच करंटचा आणि व्होल्टेजचा नवा बसवून भागते. एका रांगेतले सगळेच दिवे लुकलुकत असतील तर त्या रांगेचा स्विच आणि जोड तपासावेत. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब घालून चोक तसाच ठेवला असेल तर ट्यूबवरच्या सूचनेप्रमाणे तो काढावा. बटण बंद केल्यावरही दिवा मिणमिणत असेल तर पुष्कळदा बटणातला इंडिकेटर कारण असतो. शोकेसच्या लांब पट्टीचा उजेड टोकाला मंद पडत असेल तर दुसऱ्या टोकाकडूनही वीज द्यावी आणि तिच्या सप्लायवर क्षमतेच्या ८० टक्क्यांहून जास्त भार टाकू नये.

सगळ्या दुकानाचे दिवे आणि पंखे एकदमच कमी-जास्त होत असतील तर मात्र एक दिवसही थांबू नये. न्यूट्रलचा जोड ढिला असण्याची शक्यता असते. तीन फेजच्या दुकानात न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. ढिला जोड तापतो, आणि कापडाच्या दुकानात ठिणगी म्हणजे काय हे सांगायला नको. मेन बंद करून लायसन्स असलेल्या वायरमनलाच बोलवावे.

आता हिशेब. समजा २० दिवे आहेत. १५० रुपयांचा दिवा दर वर्षी गेला तर तीन वर्षांत ९,००० रुपये होतात. ३५० रुपयांचा दिवा तीन वर्षे टिकला तर ७,००० लागतात. दर वेळची वायरमनची मजुरी वेगळीच. दिवा घेताना बीआयएसची नोंदणी पाहावी आणि पक्के बिल घ्यावे. दहा-वीस रुपयांसाठी बिल सोडणारा हमीही सोडून देतो.

हमी नाकारली तरी मार्ग आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळतो, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेल्या वस्तूला त्यात मोकळीक आहे. लहान दुकानदाराने म्हणून "आम्ही व्यापारी, आमचे कोण ऐकणार" असे समजू नये. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार देता येते. दोष बाहेरच्या व्होल्टेजचा असेल तर वीज कायदा, २००३ च्या कलम ४२ प्रमाणे प्रत्येक वितरण कंपनीला ग्राहक तक्रार मंच ठेवावा लागतो. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ व्होल्टेजची नोंद ठेवून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

एकट्याने अर्ज दिला तर तो फायलीत पडून राहतो. एका गल्लीच्या २५ दुकानांनी मिळून दिला तर अधिकारी येऊन पाहतो. दिवेही २५ जणांनी मिळून घेतले तर भाव उतरतो आणि हमीचे काम एकाच विक्रेत्याच्या गळ्यात राहते. आपल्या संघटनांनी निवेदने पुष्कळ दिली, मराठी पाट्यांसाठी भांडणही केले, ते योग्यच होते. पण पाटीखालचे दुकान चालले नाही तर पाटी कोणी वाचायची? प्रत्येक गल्लीतल्या मंडळाने दिवाळीपूर्वी एक रविवार काढून, एक चांगला वायरमन सोबत घेऊन, आपल्या सगळ्या दुकानांची वायरिंग तपासून घ्यावी, अशी आमची व्यापारी बंधूंना आग्रहाची विनंती आहे.