अमेरिकेच्या बाळाला एक माप, आपल्या बाळाला दुसरे

टाल्कची बेबी पावडर अमेरिका व कॅनडा येथे विकणे बंद करीत असल्याची घोषणा जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने मे २०२० मध्ये केली. भारतासह उर्वरित जगात ती बंद होण्यास मात्र २०२३ साल उजाडावे लागले. मधल्या काळात तोच डबा बारशाच्या आहेरातून आपल्या घरांत येतच होता.

पावडर निर्धोक आहे, केवळ मागणी घटल्याने ती तेथे बंद केली, असा कंपनीचा खुलासा आहे. तो खरा मानला तरी त्याचा अर्थ काय निघतो? तेथील मातेने शंका घेतली, न्यायालयांत हजारो दावे उभे राहिले, डब्याकडे गिऱ्हाइकाने पाठ फिरविली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. येथील मातेने काही विचारले नाही, म्हणून तिला तो विकला जात राहिला. ज्या समाजाचा ग्राहक मुका, त्याच्या लेकरांचे माप वेगळे, असाच हा हिशेब आहे.

टाल्क म्हणजे संगजिरे. काही खाणींत त्याच्या शेजारीच अ‍ॅस्बेस्टॉस सापडते आणि अ‍ॅस्बेस्टॉसने कर्करोग होतो, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. २०१९ साली भारतात झालेल्या सरकारी तपासणीत या पावडरमध्ये ते आढळले नाही, हेही नोंदविले पाहिजे. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कलाच ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले. हा वाद बाजूला ठेवला तरी पावडरची धूळ तान्ह्याच्या श्वासात जाते, असे बालरोगतज्ज्ञ कितीतरी वर्षे सांगत आले आहेत. बाळाचे अंग कोरडे करायला मऊ सुती फडके पुरते. त्याची जाहिरात कोणी करीत नाही, एवढाच त्याचा दोष!

शासनाची तऱ्हा याहून निराळी नाही. या कंपनीच्या मुलुंड येथील कारखान्यातील पावडरचे नमुने राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या अखेरीस घेतले आणि परवाना रद्द केला सप्टेंबर २०२२ मध्ये. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द ठरविताना नेमक्या या दिरंगाईवर बोट ठेवले. नमुन्यांतील दोष गंभीर होता, तर जवळजवळ चार वर्षे पावडर का विकू दिली? नव्हता, तर परवाना का काढून घेतला?

परदेशी कंपनीवर तुटून पडणे सोपे आहे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या कुटुंबांनी तीच कसोटी घरच्या मालालाही लावायला नको काय? दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारला १९९२ साली बंदी आणावी लागली. ती मंजने विकणारे कोणी साता समुद्रापलीकडून आलेले नव्हते. मशेरी तर आजही अनेक घरांत आजी-मावशीच्या हिरड्यांना लागते आणि ती पाहून नात शिकते. कुंकवाची गत तीच. हळदीपासून केलेल्या कुंकवासाठी केम आणि पंढरपूरची नावे घेतली जातात, परंतु बाजारात त्याच नावाखाली रासायनिक रंगाची भुकटी खपते. शेंदूर म्हणजे तर शिशाचे संयुग. तो मारुतीला शोभतो, लेकराच्या कपाळाला नव्हे. काजळातही शिसे असू शकते. दृष्टच काढायची तर गालाला तीट पुरे, डोळ्यांत बोट कशाला? ‘आयुर्वेदिक’ हा शब्द आणि तुळशीचे चित्र वेष्टनावर छापले म्हणजे आतला माल शुद्ध होत नाही. आयुर्वेदाची याहून मोठी विटंबना परक्यांनीही केली नसेल.

सौंदर्यप्रसाधनांविषयीच्या २०२० च्या नियमांनी रंगद्रव्यांतील शिशाला दशलक्ष भागांत २० भागांची मर्यादा घातली आहे. नियम कागदावर आहे. त्याप्रमाणे तपासणी झाली काय, हे विचारणारा दुकानाच्या फळीसमोर उभा नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, ते असे विचारणारे घडविण्यासाठीच. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी प्रत्येक वस्तीतील भगिनींनी कुंकू घाऊक घ्यावे आणि घेण्यापूर्वी उत्पादकाकडे शिशाच्या तपासणीचा अहवाल लेखी मागावा. जो देणार नाही, त्याची पुडी परत करावी, मग तो उत्पादक आपल्याच विचारांचा का असेना.